आसारामने रफू केलेली साडी

मित्रांनो, मला खुशाल जुनी म्हणा, मला राग नाही. मी एक जुनी कोसा साडी आहे, रानरेशमाची, मधाच्या रंगाची. मोहाडी तालुक्यात करडीच्या तलावाजवळ आसाराम आणि जिजा हे ढिवर नवरा-बायको राहतात, त्यांच्या घरी मी असते. आसाराम तलावात मासे धरतो, आणि पावसाळ्यात दोघं ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात.

माझा जन्म त्याच झाडांवरचा. हिरव्यागार अळ्या सारखी पानं खायच्या आणि जिजा खाली गोफण घेऊन कावळे हाकलत बसायची. पोट भरलं की अळ्या स्वतःभोवती कोश विणत. ते कोश उकळले तेव्हा आतले जीव गेले, हे मी लपवणार नाही. माझ्यावर पहिले उपकार त्यांचे. मग आंधळगावच्या सत्यभामाबाईंनी त्यांचा धागा काढला, हातमागावर मला विणलं आणि जिजाच्या हाती दिलं. इतकी वर्षं कोसा पिकवला, पण जिजाच्या अंगाला तोवर कोशाचं चिरगुटही लागलं नव्हतं बघा!

"ऐक जिजा," सत्यभामाबाई म्हणाल्या, "रिठ्याच्या पाण्यात धुजो, पिळजो नोको, आन् सावलीतच वाळवजो."

जिजाने ते अक्षरशः पाळलं. सणासुदीला मला नेसायची, हळूच धुवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगायची, "हे माह्या खुशीच्या लग्नासाठी ठेवली आहे." खुशी तिची एकुलती एक लेक. मीही तोच दिवस डोळ्यांपुढे ठेवून पेटीत पडून असायचे.

खुशीचं लग्न ठरलं आणि नेमकी जिजा घाटावर घसरली. पायाचं हाड मोडलं. खुशी तिला घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात राहिली. घरात एकटा आसाराम. एक दिवस त्याने पेटी उघडली तर माझ्या अंगाला ओलसर वास येत होता.

"जिजा येते तोवर चकाचक करून ठेवतो," तो म्हणाला. किती माया होती हो त्या बोलण्यात! पण बिचाऱ्याला माहीत होतं ते जाळ्याचं काम. त्याने मला तलावात जाळ्यासारखं आपटलं, दोन बांबूंमध्ये भर उन्हात ताणलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून काठाला दगड बांधले. वारा आला, मी फुगले, दगडांनी खाली ओढलं, आणि मधोमध हातभर फाटले.

"मेलो आता!" म्हणत आसाराम दगड सोडायला धावला.

दुसऱ्या दिवशी मला दुपट्ट्यात गुंडाळून तो एसटीने आंधळगावला गेला. सत्यभामाबाईंनी मला चाचपलं. "काहून जी आसारामभाऊ, माह्या साडीनं मासे धरून राहिले होते का?" त्याची मान काही वर होईना. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "मले आता सुई दिसत नाही. तुमचे बोटं आहेत ना जाळं विणणारे? मी सांगतो, तुमी करा."

पहिल्याच टाक्याला सवयीने त्याने गाठ मारली. "गाठ नोको! जाळं गाठीनं टिकते, कोसा गाठीनं फाटते. धाग्यात धागा जाऊ द्या." जन्मभर गाठी मारलेली ती राकट बोटं! किती टाके उसवले, किती पुन्हा घातले. रोज मासे विकून तो आंधळगावला यायचा आणि माझ्यापाशी बसायचा. एवढा जीव मला कुणीच लावला नव्हता.

रफू संपला आणि मी पेटीत परतले. जिजा काठी टेकत घरी आली आणि आधी पेटी उघडली. हात फिरवता फिरवता थांबली. "अजी, हे काय होय?" आसारामने सगळं खरं सांगितलं. "माह्या कोशाले जाळं समजले का तुमी!" ती त्याला खूप बोलली, मग रडली. रफू चांगला होता हो, पण लग्नात नवरीला फाटका कपडा नेसवत नाहीत. मला पुन्हा पेटीत ठेवलं. त्या दिवशी मी आशाच सोडली.

लग्नाच्या सकाळी खुशीनेच मला बाहेर काढलं. "आई, मी हेच नेसतो."

"अव बाई, लोक काय म्हणतीन?"

"निऱ्या अशा धरल्या का रफू आत जाते, पाह्य." खुशीने निऱ्या खोचल्या. "कोनालेच दिसत नाही. बाबाचा हात पोटाशी राहीन माह्या."

काठी बाजूला ठेवून जिजाने स्वतःच्या हाताने निऱ्या सारख्या केल्या. दारात उभा आसाराम मांडव पाहायचं निमित्त करून बाहेर गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी कोसा असेल तर त्याला उन्हात टांगू नका, आणि फाटलाच तर लगेच टाकून देऊ नका. आईला, आजीला, नाहीतर माझ्या आसारामसारख्या एखाद्या बाबाला सुई हातात घेऊ द्या. त्या अळ्यांपासून खुशीपर्यंत सगळ्यांची मी ऋणी आहे. पण मांडवात अक्षता पडत होत्या, आणि आत कुणालाही न दिसता खुशीला धरून होते ते आसारामचे टाके.