समोरच्या टेबलाचा शेरा

आमच्या साम्राज्यात अडतीस प्रांत, दोनशे खाती, आणि बाकीची खाती अजून जागेवर आहेत ना हे तपासायला आणखी एक खातं. मी सातव्या प्रांताच्या कचेरीत आवक-जावक कारकून होते. येणारं प्रत्येक पाकीट उघडायचं, शिक्का मारायचा, वहीत चढवायचं आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवायचं. समोरच्या टेबलावर दादा बसायचे. सख्खे नव्हेत, मानलेले. पण नऊ वर्षं एकाच डब्यातून जेवलेल्या माणसाला आणखी काय म्हणायचं?

दर वर्षी प्रत्येकाचा गोपनीय शेरा समोरच्या टेबलावरच्यानं लिहायचा, असा नियम होता. दादा लिहून झाल्यावर मला हळूच वाचून दाखवायचे, "कामात तरबेज. हिच्यावाचून कचेरीचं पान हलणार नाही." मी आपली खूश! बदलीचा माझा अर्ज दर वर्षी फेटाळला जायचा, तेव्हा वरच्यांच्या नावानं बोटं मोडायला दादाच पुढे.

गावी आई होती आणि तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. वहिनी पत्रात लिहायची, "आज मलाच विचारलं, तू कोणाची? तुमचं नाव मात्र अजून घेतात. लवकर या हो ताई." ही पत्रं मी आधी दादांना दाखवायचे. ते चष्मा काढून डोळे पुसायचे.

गेल्या महिन्यात बदली खात्याचं पाकीट आलं, दादांच्या नावे. मी नेहमीप्रमाणे उघडलं. "सदर कर्मचाऱ्यास आपण सलग नऊ वर्षे अपरिहार्य ठरविल्याने नियमानुसार बदली देता आली नाही. यंदाही तोच शेरा कायम समजावा काय?" खाली नाव माझं होतं.

इथे येण्याआधी दादा बारा वर्षं बदली खात्यातच होते. नियम ठाऊक नव्हता म्हणायलाही जागा नाही.

मी कागद त्यांच्यापुढे आपटला.

"वाईट तर काही लिहिलं नाही ना मी?" ते म्हणाले.

"दादा, माझी आई मला विसरत चाललीये!"

त्यांनी मान खाली घातली. "तुझ्या जागी नवा माणूस आला असता. माझं निम्मं काम तू करतेस, हे त्याला आठवड्यात कळलं असतं. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत गं."

"शेरा मागे घेतला म्हणून लिहा. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी लिहिलं. लिहिताना रडले. "चुकलं माझं," म्हणत पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं. मी वेडी, त्यांना पाणी आणून दिलं.

जावक वहीत चढवताना मात्र माझा हात थबकला. जाणारं पाकीट उघडायचा मला अधिकार नव्हता. तरी उघडलं.

"शेरा कायम समजावा."

समोर दादा अजून डोळे पुसत होते. ते रडणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही, आणि त्याचीच जास्त चीड येते. मी शिक्का त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पिशवी उचलली.

"अगं, रजा मंजूर नाही! नोकरी जाईल तुझी!" ते मागून ओरडत राहिले.

तिसऱ्या दिवशी घरी पोचले. आई खिडकीशी बसली होती. तिनं माझ्या नावानं हाक मारली. मी धावत पुढे झाले, तर ती वहिनीकडे बघत होती. वहिनीनं खाली मान घालून ओ दिली.