तिसरा रकाना

आमच्या लाँड्रीत माणसं अकरा आणि त्यांचे पूर्वज अकरा ठिकाणचे. म्हणजे रजेचे दिवसही अकरा. डाग काढणारे काका वसंतात रजा मागतात, कारण त्यांच्या मुलखात तेव्हा सगळं घर झाडू घेऊन आजोबा-पणजोबांची थडगी साफ करायला जातं. घड्या घालणाऱ्या बाईला नोव्हेंबर उजाडला की रजा हवी. तिच्याकडे गेलेल्या माणसांसाठी टेबलावर ताटं मांडतात. चादरी पिळणाऱ्या मशीनवरचा लंबू भर उन्हाळ्यात पाण्यावर दिवे सोडायला जातो. हॉटेलच्या चादरी मात्र कुणाच्या पूर्वजांसाठी थांबत नाहीत, त्या रोज येतात.

शेवटी मॅनेजर वैतागला. "वर्षाला प्रत्येकी एक दिवस. ज्याला ज्याची आठवण काढायची त्यानं त्या दिवशी काढावी. पण आधी लेखी द्या," म्हणत त्यानं छापील कागद माझ्या हातात कोंबले. रकाने तीन: कुणासाठी, नातं काय, तारीख कोणती. गोळा करायचं काम माझं, कारण इस्त्रीची मुख्य मी आणि कुणाचंही अक्षर मला लागतं, हा माझा गुन्हा.

दहा कागद दोन दिवसांत आले. काकांनी तर पणजोबांच्या नावाखाली त्यांच्या घोड्याचंही नाव घातलं होतं.

"काका, घोडा नातेवाइकांत बसत नाही," मी म्हटलं.

"तो नसता तर पणजोबा घरी पोचलेच नसते, ताई. मग मी तरी कुठून आलो असतो?"

राहू दिला घोडा.

अकरावा कागद माझा. पहिल्या रकान्यात नाव लिहिलं, दुसऱ्यात 'आई', आणि तिसऱ्याशी हात थांबला. मला जन्म देणारी मी लहान असतानाच गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं, आणि जिला मी आई म्हणते ती ही दुसरी. सावत्र हा शब्द आमच्या घरात कधी आला नाही. शेजारच्या काकूंनी एकदा उच्चारला, तर आईनं त्यांच्याशी सहा वर्षं अबोला धरला. बाबा पहिलीबद्दल चकार शब्द काढत नसत, आणि तसेच गेले. तिचा फोटो नाही. नाव ठाऊक आहे ते माझ्या जन्मदाखल्यावर आहे म्हणून. शेचाळीस वर्षांची घोडी मी, आणि माझी आई कुठल्या तारखेला गेली हे मला माहीत नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

विचारायचं कुणाला? जिनं वाढवलं तिलाच. पण तिला विचारणं म्हणजे 'तू माझी खरी आई नव्हेस' असं तोंडावर सांगण्यासारखंच की. इकडे आड, तिकडे विहीर. वाटेल ती तारीख ठोकून द्यावी, मॅनेजर काय तपासायला जाणार आहे, असंही मनात आलं. पण खोट्या तारखेला खऱ्या माणसाची आठवण कशी काढायची? चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एकाच चादरीला दोनदा इस्त्री केली आणि घडीवाल्या बाईवर उगाच खेकसले.

रविवारी सकाळी आई मटार सोलत बसली होती. मी समोर बसून दोन-चार शेंगा सोलल्या आणि एकदाचं विचारलं, "आई, ती कधी गेली?"

"कोण ती?"

"माझी... आधीची."

मला वाटलं, ही आता उठून जाणार. तिनं हातातली शेंग पुरी सोलली.

"तुझ्या दाखल्यावर कुठली तारीख आहे?"

"सतरा फेब्रुवारी. पण ती चुकीची ना? कारकुनानं झोपेत लिहिली म्हणून तूच सांगत आलीस."

"कारकून जागाच होता," आई म्हणाली. "तू जन्मलीस त्याच दुपारी ती गेली."

मला काही उमजेना. माझा वाढदिवस घरात नेहमी नऊ मेला झाला. "मग नऊ मे काय आहे?"

"मी या घरात आले तो दिवस. तू पावणेतीन महिन्यांची होतीस. तुझ्या पहिल्या वाढदिवसाला मी हौसेनं गोड केलं, तर तुझे बाबा ताट सारून बाहेर निघून गेले. पोरीनं काय दरवर्षी रडक्या घरात मोठं व्हायचं? म्हणून मी वाढदिवसच हलवला. माझ्या हक्काचा तेवढा एकच दिवस होता, तो तुला दिला."

मला तिचा राग आला. तिला घट्ट धरावंसंही वाटलं. आधी कुठलं करायचं ते कळेना, म्हणून मी मटार सोलत राहिले, आणि दाणे सालांत अन् सालं दाण्यांत टाकत राहिले. म्हणजे मी जन्मले तेव्हाच ती गेली. मग सतराला हसायचं की रडायचं? आणि इतकी वर्षं नऊ मेला मी नक्की कुणाचा दिवस साजरा करत होते?

शेवटी मी तिला लाँड्रीतल्या रजेच्या कागदाचं सांगितलं. आईनं माझ्या पुढ्यातली सालं निवडून बाजूला केली. "आण तो कागद," ती म्हणाली. मी तारीख लिहिली.

"तुला वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं. चालायचंच. त्या दिवशी करणार काय तू?"

"माहीत नाही. तिच्या आवडीचं काहीतरी रांधू. काय आवडायचं तिला?"

"मला कसं ठाऊक असणार? तुझे बाबा काही बोलले तर ना."

"दिसायला कशी होती, तेही नाही?"

आईनं माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. "तुझं नाक बाबांसारखं नाही," ती सावकाश म्हणाली. "माझ्यावर तर जाणारच नाही. तेवढं तिचं असेल."

मी नाकाला हात लावला. कुणाची आठवण काढायची ते ठरलं होतं, तारीखही मिळाली होती, आणि आम्हा दोघींपैकी तिला कुणीच पाहिलेलं नव्हतं.