एक बूट, एक टोपडं

शिडीच्या वरच्या दोन टोकांना घालायच्या खोळी बाजारात रबराच्या मिळतात. आमच्या घरी त्या सासूबाईंनी शिवलेल्या होत्या आणि त्यांना आम्ही टोपडी म्हणायचो. तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखीच होती ती. आत जाड फडकं, बाहेर जुन्या पिशवीचं चामडं, बांधायला नाडी. शिडी टेकली की भिंतीवर डाग उठू नये, आणि वरचं टोक बाजूला घसरू नये, एवढंच त्यांचं काम.

सासरे रंगारी होते, त्यांची दोन्ही मुलं रंगारी, आणि शिडी एकच. एकात एक सरकणाऱ्या दोन भागांची, ओढली की लांब होणारी. खालच्या भागाच्या पायांत रबरी बूट, वरच्या भागाच्या डोक्यावर टोपडी. "पायात बूट, डोक्याला टोपडं, माझं तिसरं लेकरूच आहे हे," असं सासूबाई म्हणायच्या. मला तेव्हा हसू यायचं.

भांडण झालं तेही टोपड्यांवरूनच. एका बाईंच्या दिवाणखान्याची ताजी रंगवलेली भिंत, आणि त्यावर शिडीचे दोन काळे ओरखडे. आमचे हे म्हणाले, टोपडी धाकट्यानं काढली. भाऊजी म्हणाले, थोरल्यानं काढली. बोलता बोलता मेलेल्या वडिलांपर्यंत गेले. टोपडी इकडे घरी दोरीवर वाळत होती. मळली म्हणून सासूबाईंनी धुतली होती, आणि मला कुणी विचारलंच नाही, असं त्या म्हणाल्या. मी दोघांनाही ते सांगितलं. पण तोवर जे बोलायचं नव्हतं ते बोलून झालं होतं.

मग वाटणी. एक घाव दोन तुकडे म्हणतात ना, तसं त्या शिडीचं केलं. खालचा अर्धा यांनी ठेवला, वरचा अर्धा घेऊन भाऊजी भाड्याच्या खोलीत गेले. डोकी फिरलेल्या माणसांना काय सांगणार? शिडीचा वरचा भाग जमिनीवर उभा राहायला केलेलाच नसतो. त्याला बूट नसतात, नुसती नळीची उघडी टोकं. भाऊजी त्याला खाली पोतं बांधायचे आणि पायथ्याशी कुणाला तरी धरायला उभं करायचे. मला ते आठवलं की जेवण गोड लागायचं नाही.

"अहो, त्यांना बूट तरी नेऊन द्या," मी यांना म्हणाले. "पडले तर?"

"त्याला मागायला तोंड आहे," हे म्हणाले.

भाऊजींना फोन केला तर ते कट करायचे. यांचाही आणि माझाही. नवऱ्याची बाजू घेतली नसतानाही मी त्यांच्या लेखी त्याच बाजूची होते. दोन्ही घरांत ये-जा होती ती फक्त सासूबाईंची, आणि त्यांच्याकडे फोन नव्हता. त्यांना मी माझी काळजी बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "मी बघते."

बघते म्हणाल्या म्हणून मी निश्चिंत झाले. याचाच मला आता राग येतो.

त्या सकाळी हे कामाला निघाले होते. शिडी अंगणात भिंतीला टेकवलेली होती आणि हे डबे पुसत होते. मी कपडे वाळत घालताना पाहिलं तर शिडी एका बाजूला कललेली.

"अहो, ती वाकडी का उभी आहे?"

"अंगण वाकडं आहे," हे न बघताच म्हणाले.

नाचता येईना त्याचं अंगण वाकडं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात माझी नजर खाली गेली. डाव्या पायात बूट होता. उजवा पाय उघडा होता. वर पाहिलं तर एका टोकाला टोपडं बांधलेलं, नाडीची नीट गाठ मारलेली. दुसरं टोक बोडकं. यांच्या शिडीला टोपडं कधी नव्हतंच.

सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"आई, हा बूट कुठं गेला?" यांनी विचारलं.

"धाकट्याला दिला," त्या सरळ म्हणाल्या. "काल दुपारी तू झोपला होतास ना, तेव्हा पान्यानं काढला. आणि त्याचं एक टोपडं तुला आणलं. तुझ्याकडे दोन बूट, त्याच्याकडे दोन टोपडी, असं कुठं असतं का? आता दोघांना एकेक. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

त्यांनी आयुष्यभर असंच केलं होतं. एक खडू असला तर मोडून दोघांना. पांघरूण एक असलं तर मधोमध. पोरं लहान असताना त्याचं सगळे कौतुक करायचे.

यांनी कप हातात घेतला नाही. "आई, बूट नसले की माणूस भिऊन चढतो," हे अगदी हळू म्हणाले. "पोतं बांधतो, खाली कुणाला तरी धरायला लावतो. एक बूट असला की त्याला वाटतं, आता आहे आधार. एक पाय धरतो, दुसरा सुटतो, आणि शिडी जागच्या जागी फिरते."

"फिरते म्हणजे?"

"आज कुठं आहे तो?"

"त्या नव्या इमारतीत. जिन्यातली वरची भिंत म्हणाला. खाली फरशी अशी गुळगुळीत की तोंड दिसतं." सासूबाई हसल्या. "बूट बघून किती खूश झाला. आता शिडी धरायला माणूस नको म्हणाला."

यांनी ओले हात सदऱ्याला पुसले आणि फोन लावला. भांडणानंतर कितीतरी दिवसांनी.

दोनदा वाजला आणि कट झाला.

मला बरं वाटलं. कट केला म्हणजे माणूस आहे, बोट हलतंय, राग शाबूत आहे. मी माझ्या फोनवरून लावला. तोही कट झाला. हे एका हातानं चप्पल घालत पुन्हा नंबर दाबत होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की भाऊजी शिडीवर असतील तर एका हातात ब्रश असणार, दुसऱ्या हातानं शिडी धरलेली असणार. खिशातला फोन कट करायला ते कुठला हात सोडत होते?

"लावू नका," मी म्हणाले. "अहो, लावू नका, नुसते धावा."

पण यांनी लावला होता. अंगणात आम्हा तिघांना ऐकू येईल इतका मोठा आवाज होता त्या फोनचा. दोनदा वाजला. तीनदा. कट झाला नाही. वाजत राहिला. हे फोन तसाच हातात धरून फाटकाबाहेर पळाले. मी फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

सासूबाई कप धरून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. रस्त्याच्या वळणापर्यंत रिंगचा आवाज येत होता.

"बघ, या वेळी नाही कापला त्यानं," त्या समाधानानं म्हणाल्या. "गेला राग. काठी मारल्यानं पाणी तुटतं का कधी?"

मग त्यांनी मला विचारलं, दोघं मिळून जेवायला येतील ना. मी हो म्हणाले.