अडलं तर कोणाकडे जाता?

डॉक्टर ओडिलिया सेपेदा यांना कोणाचंच चांगलं बघवत नसे, असं म्हटलं तर अन्याय होईल. एकट्या कुकाचं तेवढं बघवत नसे.

कुकाचं खरं नाव रेफूहियो, पण मेक्सिकोतल्या ओरिसाबा शहरातल्या त्या विद्यापीठात ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. दोघी एकाच वर्षी शिकवायला लागल्या. ओडिलियाने डॉक्टरेट मिळवली, डिजिटल संस्कृतीवर दोन जाडजूड पुस्तकं लिहिली. कुकाने काय केलं? लोकांचे अडकलेले संगणक सोडवले, गप्पा हाणल्या आणि सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाली. कँटीनमध्ये ओडिलिया शिरली की माणसं खुर्ची पुढे करून "या डॉक्टर, बसा" म्हणत. कुका आली की "ए कुका, इकडे ये गं!" त्या एका 'ए'साठी ओडिलियाचा जीव जळायचा.

अशात वरून हुकूम आला. कागद, वीज आणि हेलपाटे वाचवून विद्यापीठ पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकवायचं असेल, तर डिजिटल संस्कृती इथे किती रुजली आहे ते आधी मोजा. काम ओडिलियाकडे आलं, आणि यायलाच हवं होतं. तिने प्रश्नावली मन लावून बनवली. शेवटचा प्रश्न मात्र शास्त्रापेक्षा स्वतःचं नाव वाचायच्या हावेपोटी घातला होता: 'संगणकावर काही अडलं तर कोणाकडे जाता? एकच नाव लिहा.'

उत्तरं आली आणि पडद्यावर नकाशा उमटला. प्रत्येक माणसाचा एक ठिपका, आणि जो ज्याच्याकडे जातो त्याच्यापर्यंत रेघ. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशा सगळ्या रेघा एकाच ठिपक्याला लागल्या होत्या. कुका! ओडिलियाचा ठिपका कोपऱ्यात होता. त्याला एकच रेघ आली होती. कोणाची म्हणून तिने पाहिलं, तर कुकाचीच.

"मेली दया करते माझ्यावर," ओडिलिया पडद्याकडे बघून म्हणाली.

आधी वाटलं, प्रश्नच उडवून टाकावा. मग त्याहून बरं सुचलं. मत्सराने पेटलेल्या माणसाला सुचतं ते फार सभ्य भाषेत सुचतं. तिने अहवालात लिहिलं: 'संस्थेचं सारं डिजिटल ज्ञान एका व्यक्तीत साठलेलं आहे. ती गेली तर काम ठप्प होईल. ही व्यवस्था टिकाऊ नव्हे. सदर व्यक्तीस या जबाबदारीतून तत्काळ मुक्त करावे.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. साप मरत होता, काठीही तुटत नव्हती. त्या दिवशी ओडिलियाला जेवण गोड लागलं.

अहवाल वाचायचा दिवस ठरला फेब्रुवारीतल्या सणाचा, ज्या दिवशी मक्याच्या पिठाचे, पानात उकडलेले तामाले खातात. जानेवारीच्या सणाला पावात लपवलेली बाहुली ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याने हे तामाले सगळ्यांना द्यायचे अशी रीत. यंदा ती नेमकी कुकाच्या तुकड्यात निघाली होती, म्हणून तामाले खाऊ घालायची पाळी तिची. सभागृह गच्च भरलं. एरवी ओडिलियाच्या भाषणाला पहिली रांगसुद्धा भरत नसे.

तिने ते वाक्य सावकाश, चवीने वाचलं. खाणाऱ्यांचे हात थांबले. सगळे कुकाकडे बघू लागले. संचालक आन्सेल्मो यांनी घास कसाबसा गिळला.

कुका उठली, हात पुसत थेट पुढे आली आणि तिने ओडिलियाला कडकडून मिठी मारली.

"ओडी, तुझ्या तोंडात साखर पडो गं बाई! किती वर्षं बोंबलतेय मी. रविवारी आईला भरवत असते तेव्हासुद्धा फोन! कोणी ऐकलं का माझं? तू एकटीने लिहून दिलंस!"

"मग आता हे काम बघणार कोण?" संचालकांनी विचारलं.

"हीच की! मी तिचंच नाव लिहिलंय. माझं अडतं तेव्हा मी हिची पुस्तकं उघडते, तुम्हाला काय माहीत! माझा हा नंबर आजपासून बंद, सांगून ठेवते."

टाळ्या पडल्या. खड्डा खणायला जावं आणि त्यात हंडा लागावा, तसं ओडिलियाचं झालं. दारावर तिच्या नावाची नवी पाटी लागली, टेबलावर मदतीचा फोन आला. तिने दार उघडं ठेवायला सुरुवात केली. येणाऱ्यांसाठी कॉफी आणि गोड पावही आणून ठेवला.

कोणी आलं नाही. लोक आपापसांत खटपट करत. नाही जमलं तर मुकाट्याने कागदावर छापून मोकळे होत. पाव वाळला, तिने दुसरा आणला. आपल्याला हवं ते सगळं मिळालं आहे, असं ती स्वतःला रोज बजावत होती.

मग एका दुपारी फोन वाजला. उतावीळ वाटू नये म्हणून तिने तो थोडा वाजू दिला.

"डॉक्टर, मी इमेल्दा, ग्रंथालयातून. तुम्हाला त्रास देते, माफ करा हं."

"अगं, त्रास कसला! त्यासाठीच तर बसलेय मी. बोल, काय अडलं?"

"कुकाचा नवा नंबर आहे का हो तुमच्याकडे?"

"नाही. पण आता ते काम माझ्याकडे आहे, इमेल्दा. काय बिघडलंय ते मला सांग. मी येते, आत्ता येते."

"नाही हो डॉक्टर, बिघडलं काहीच नाही," इमेल्दा म्हणाली. "सहज बोलायचं होतं तिच्याशी."