सासूबाईंचा आकडा

कीपॅडवर बटणं बारा होती, पण मागून निघालेल्या तारा सातच. चार आडव्या ओळींच्या, तीन उभ्या. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रणा चालवणारी छोटी चिप, एकेका ओळीत आळीपाळीने वीज सोडतो आणि ती कुठल्या उभ्या तारेतून परत येते ते पाहतो. तेवढ्यावरून दाबलेलं बटण कळतं. हायंगला ही काटकसर आवडली.

देजॉन शहरातल्या त्यांच्या फ्लॅटचं दार, दिवे आणि खोल्या तापवणारी फरशीखालची ऊब आता एकाच यंत्रणेला जोडायची होती. कीपॅडवर ज्याचा आकडा दाबला जाईल, त्याच्या सवयीने घर जागं होणार. तिचा आणि नवऱ्याचा, दोग्यूनचा, आकडा ठरला होता. सासूबाईंचा ती पुढे ढकलत होती. जुन्या कुलपाचा आकडा त्यांना पाठ. मनात येईल तेव्हा यायच्या, फ्रिज आवरायच्या, जायच्या. एकदा हायंग टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून बाहेर आली, तर त्या ओट्याशी मुळा चिरत उभ्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. हायंगला मात्र तेव्हापासून दार लावूनही घर आपलं वाटेना.

दोग्यूनने बाहेर जाऊन आकडा दाबला. दार ढिम्म. आकड्यानंतर तो सवयीने चांदणीचं बटण दाबत होता, इथल्या कुलपांना लागतं तसं. हायंगने इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या परदेशी प्रोग्रॅममध्ये मात्र चांदणी म्हणजे सगळं पुसून टाक.

"तुझं कुलूप परदेशात शिकून आलंय वाटतं," तो बाहेरून म्हणाला.

तिने ते बदलल्यावर दार उघडलं. आत येताच त्याने आईच्या आकड्याचं काढलं. हायंग नुसतं बघू म्हणाली.

"बघू काय? आईला बेल वाजवायला लावणार? पाहुणी आहे का ती?"

तेवढ्यात बाहेर कीपॅड नकाराचा सूर काढू लागला. एकदा, मग पुन्हा. हायंगने जाऊन दार उघडलं. सासूबाई किमचीचा डबा कमरेवर तोलून उभ्या होत्या.

"काय गं सूनबाई, आता मुलाच्या घरी यायलाही परीक्षा? सांग नवा आकडा, पाठ करते."

दोग्यून बुटांच्या कपाटाकडे पाहत राहिला. हायंगने डबा दोन्ही हातांनी घेतला.

"आई, तुमच्यासाठी आकडा ठेवणार नाहीये मी. निघताना फोन करा, आल्यावर बेल वाजवा. दार मी उघडेन."