पुलाअलीकडे थांबलेली गाडी

संध्याकाळचे सहा वाजले की रेडिएटर दुरुस्तीवाल्याच्या घरात पाय ठेवायला जागा उरायची नाही. बाहेरच्या खोलीत तीस-पस्तीस माणसं, दारात चपलांचा ढीग, खिडकीच्या गजांना धरून उभे राहिलेले शेजारी. आणि सगळ्यांच्या नजरा एका जुन्या कॉम्प्युटरवर. पडद्यावर लाल गाडी डोंगरातल्या रस्त्यानं पळत असायची. ती पळवायची घरातली धाकटी, अकरा वर्षांची. पहिली शर्यत संपायची, दुसरी संपायची. तिसरीत लांबवर पूल दिसू लागला की खोलीत कुणी खोकतसुद्धा नसे.

"आली," शेजारी बसलेला, स्वतःला 'दुवा' म्हणवणारा माणूस पुटपुटायचा.

आणि गाडी थांबायची. चित्र जागच्या जागी गोठायचं. बटणं दाबा, माउस हलवा, ढिम्म काही हलायचं नाही. स्पीकरमधून एकसुरी आवाज निघत राहायचा, ऊंऽऽऽ.

"हुंकार दिला पोरीनं!" दुवा दोन्ही हात वर करायचा. "बाई, बोला. पुलाच्या अलीकडे आपण, पलीकडे ती. मधे हा एवढा पडदा."

आई पडद्याला हात लावायची. "बाळा, जेवतेस ना गं वेळेवर?" एवढंच विचारायची, रोज. बायका डोळे पुसायच्या.

थोरली पाच महिन्यांपूर्वी तापानं गेली होती. एकोणीस वर्षांची. संसर्ग रक्तात भिनला आणि दवाखान्यात अकरा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. कॉम्प्युटर तिचा, तो खेळही तिचाच जीव की प्राण. महिनाभर त्या यंत्राला कुणी हात लावला नाही. मग एकदा धाकटीनं ते सुरू केलं, खेळ लावला, आणि तो मधेच गोठला. आई म्हणाली, "तिला आवडलं नाही वाटतं." सहज बोलून गेली बिचारी. पण बोलणं शेजारी गेलं, शेजारून पुढच्या गल्लीत गेलं, आणि आठवड्याच्या आत दुवा दारात हजर झाला.

तो स्वतःला गुरू म्हणवत नसे, बाबाही नाही. "मी कोण? नुसता दुवा. इकडची तार तिकडे जोडतो." मात्र एकदा बोलायला लागला की मेलेल्यांनासुद्धा मधे तोंड घालायला फट मिळायची नाही. लहरी, कंपनं, सूक्ष्म देह, विद्युतशक्ती. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलायची. खेळ सुरू होण्याआधी तो कॉम्प्युटरच्या डब्यावर, त्या कॅबिनेटवर, जाड लोकरी शाल पांघरायचा. "उजेडाचा त्रास होतो तिला." या घराच्या जोरावर त्याला आता शहरभर बोलावणी येत होती.

बाप दाराशी उभा राहायचा. तीस वर्षं त्यानं गाड्यांचे रेडिएटर उघडले होते. कुठली नळी तुंबली, कुठलं इंजिन का तापलं, हे वासावरून सांगायचा. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण खोटं कशाला बोला, तो हुंकार त्यालाही हवासा वाटायचा. म्हणून गप्प होता.

मग एका संध्याकाळी दुव्यानं डोळे मिटले आणि आवाज खाली आणला. "तिच्या मनात राग आहे. याच घरातल्या कुणावर तरी. तो निवेपर्यंत ती गाडी पुलावरून जाऊ देणार नाही."

त्या दिवसापासून धाकटीचं जेवण तुटलं. आईला ते दिसलं नाही. तिचं लक्ष सहा कधी वाजतात इकडे. चौथ्या दिवशी शाळेतून पोरगी घरी न जाता थेट बापाच्या गॅरेजमध्ये आली. दप्तर न काढताच टायरवर बसली.

"बाबा, राग माझ्यावर आहे."

"कुणाचा?"

"ताईचा. आजारी पडायच्या आधी आम्ही भांडलो होतो. ती खेळायला देत नव्हती. मी म्हणाले, मर एकदाची." तिनं दप्तराचा पट्टा मुठीत धरला. "आणि ती मेली."

बापाच्या हातातला पाना हातातच राहिला. लेक चार दिवस हे पोटात घेऊन तीस माणसांपुढे त्या खुर्चीत बसत होती, आणि तो दाराशी उभा राहून बघत होता.

"शब्दांनी माणूस मरत नाही गं," तो म्हणाला. "ती जंतूंनी गेली. डॉक्टरांनी मला कागदावर दाखवलंय."

"मग गाडी का थांबवते? आणि बाबा, मी शाळेचा निबंध लिहिते तेव्हा तासभर बसले तरी थांबवत नाही. फक्त खेळतानाच. शाल असली की लवकर थांबवते. सकाळी गुपचूप खेळून पाहिलं शालीशिवाय, तर चौथ्या शर्यतीपर्यंत गेली होती. दुवाकाका डब्याला हात लावून बघतात, मग म्हणतात आली."

"कसा हात लावतात?"

धाकटीनं हात उलटा केला आणि मागची बाजू टायरला हलकेच टेकवली.

बापानं ती खूण ओळखली. तापलेल्या इंजिनाला कारागीर असाच हात लावतो. तळहात भाजू नये म्हणून.

रविवारी सकाळी आई अंघोळीला गेलेली असताना त्यानं कॅबिनेटचं झाकण उघडलं. चढावर भरलेल्या ट्रकला जास्त जोर लागतो, तसा खेळाच्या वेळी यंत्राला लागतो. चित्रं रंगवणारा भाग तापतो, म्हणून त्याच्यावर एक छोटा पंखा असतो. तो पंखा दिसतच नव्हता. धुळीचा जाड गोळा जमला होता, आणि त्यात लांब काळे केस गुंडाळले होते. थोरली इथेच बसून केस विंचरायची. पंखा केसांनी जखडला होता.

बाप जमिनीवर बसला. मग धाकटीनं चिमटा आणला आणि दोघांनी मिळून एकेक केस सोडवून कागदात ठेवला. गॅरेजमधल्या हवेच्या नळीनं धूळ उडवली. पंखा फिरायला लागला.

संध्याकाळी गर्दी नेहमीसारखीच जमली. दुवा शाल पसरायला पुढे आला.

"आज शाल राहू द्या," बाप म्हणाला.

"अहो, तिला त्रास..."

"मी तिचा बाप आहे. बघू काय त्रास होतो ते."

पहिली शर्यत, दुसरी, तिसरी. पूल आला. गाडी पुलावर चढली, पलीकडे उतरली आणि वळणाआड गेली. चौथी, पाचवी, सहावी. लोक चुळबुळू लागले. दुव्यानं कॅबिनेटला उलटा हात लावला, ते गार लागलं तसा झटकन मागे घेतला.

"राग निवला!" तो घाईनं म्हणाला. "मुक्त झाली पोर!"

"थांबा. परत बोलावतो," बाप म्हणाला, आणि त्यानं झाकण काढून सगळ्यांदेखत त्या छोट्या पंख्याची वायर उपसली. "खेळ, बेटा."

तीन मिनिटांत चित्र गोठलं. ऊंऽऽऽ.

"हाच तो हुंकार. पंखा बंद, यंत्र तापलं, अडकलं. आवाज जिथे अडकला तिथेच घासत राहिला. खेळ रोज पहिल्या शर्यतीपासूनच सुरू व्हायचा, म्हणून ताप साधारण पुलापाशीच भरायचा. वारा कोंडायला वर यांची शाल. कारागिराचा हात आहे तुमचा, दुवाशेठ. कुठल्या दुकानात शिकलात?"

"दुरुस्तीच्या... तो वेगळा विषय आहे," दुवा म्हणाला, आणि सगळं जग तरंगांचं आहे वगैरे सुरू करणार, तोच मागून कुणीतरी हसलं. तो चपला शोधू लागला. ढिगात त्या लवकर सापडेनात.

लोक पांगले. आई मात्र जागची हलली नव्हती.

"तिला दुसऱ्यांदा मारलंत तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली. "रोज पाच मिनिटं भेटत होती. तेवढंही बघवलं नाही?"

तो खाली बसून पंख्याची वायर परत जोडू लागला. धाकटीच पुढे झाली आणि गॅरेजमध्ये बोलली होती ते सगळं पुन्हा बोलली, आईकडे न बघता. भांडण, तो शब्द. आणि दुव्याच्या त्या बोलण्यापासून घास उतरत नव्हता, हेही.

आईनं ऐकलं. मग, जणू खूप दिवसांनी दिसली असावी तशी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "किती वाळलीस गं," म्हणाली, आणि तिला कुशीत ओढून मोठ्यानं रडली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती थोरली गेली म्हणून रडत होती.

दुःख त्या दिवशी संपलं नाही, आजही संपलेलं नाही. आई अजून कधी कधी बंद पडद्यासमोर बसते, आणि बाप तिला उठवत नाही. पण धाकटी जेवते, भांडते, वेळेवर झोपते. गेलेल्या माणसाची आठवण काढायला कुणा दुव्याची गरज नसते. तुमच्या घरी असा कुणी आलाच, तर हात जोडायच्या आधी झाकण उघडून पाहा. त्याहून आधी, घरातलं लेकरू का जेवत नाही, ते त्या लेकरालाच विचारा.