काचेवरचं कुंकू

मी एक जुना बूस्ट मीटर आहे. गोल, काळा, तुमच्या मुठीत मावेन एवढा. वर काच आणि आत एक पांढरा काटा. मित्रांनो, तुम्ही माझं नाव कदाचित ऐकलंही नसेल. गाडीचा वेग दाखवणाऱ्या मीटरला सगळे ओळखतात. पेट्रोलचा काटा खाली आला की सगळ्यांचा जीव खालीवर होतो. माझ्याकडे मात्र फार थोडी माणसं बघतात. एके दिवशी त्या थोड्यांनाही मला बघता आलं नाही. त्या दिवसाबद्दल मला तुम्हाला सांगायचं आहे, पण आधी माझं काम काय ते समजून घ्या.

काही गाड्यांना टर्बो असतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर वाया न घालवता त्यावर एक छोटा पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, हे टर्बोचं काम. हवा जास्त मिळाली की पेट्रोलही जास्त जळतं आणि गाडी उसळी घेते. त्या कोंबलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. तो किती झाला हे माझा काटा सांगतो. पंक्तीत पाहुण्याला आग्रह जरूर करावा, पण त्याचं पोट बघून. इंजिनाचंही तसंच असतं. त्याला सोसेल त्याहून जास्त हवा कोंबली तर ते फुटतं.

माझा जन्म भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. इंद्रायणीबाई नावाच्या कारागीर चिमट्याने माझा काटा बसवत होत्या. बसवून झाल्यावर त्यांनी मला हवेच्या नळीला जोडलं आणि शेजारच्या मोठ्या मीटरशी ताडून पाहिलं. केसभर फरक निघाला. त्यांनी काटा काढला आणि पुन्हा बसवला, पुन्हा काढला आणि पुन्हा बसवला. माझ्यानंतरचे मीटर रांगेत ताटकळत राहिले, पण बाईंनी मला खरं बोलायला लावल्याशिवाय सोडलं नाही. तेव्हापासून माझ्या अंगात थोडा ताठा आला आहे. मोडेन पण खोटं दाखवणार नाही, असा.

मला विकत घेतलं चिखलीच्या रविराजने. त्याचं घराणं जुनं, गावातलं. घरात वडील नानासाहेब, आई शालनबाई, धाकटा भाऊ रणजीत आणि रविराजची बायको तनुजा. ती दापोडीची आणि चाकणच्या एका कंपनीत इंजिनांची चाचणी घेणाऱ्या विभागात कामाला. घराशेजारी गोठा होता. गुरं केव्हाच गेली होती. तिथे रविराजने अपघातात चेचलेली एक लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणून ठेवली होती. कंपनीतली शिफ्ट संपली की तो गोठ्यात शिरायचा. त्याने त्या गाडीचं इंजिन सुटं केलं आणि एकेक भाग पारखून, घासून, मोजून पुन्हा बांधलं. शालनबाई गोठ्याच्या दारात चहा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "आदी हितं गुरं बांधायचो, आता ह्ये लाल खोंड बांधलंय."

रविराजने मला समोरच्या काचेशेजारच्या खांबावर, अगदी डोळ्यांसमोर बसवलं. तनुजाने आपल्या नेलपॉलिशने माझ्या काचेवर एक लाल ठिपका दिला. काटा तिथे पोहोचला की पाय काढायचा, असा त्या ठिपक्याचा अर्थ. रविराज तो पाळायचा. खोंड पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा अख्खी आळी गोळा झाली होती. त्या इंजिनाचा आवाज भरदार होता आणि पाय काढला की ते फुस्स करून सुस्कारा टाकायचं. शालनबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. "रुसलं बघा," म्हणायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग रविराजला कावीळ झाली. आधी घरचं औषध, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. एवढा तरणाताठा माणूस, पण तो परत आला नाही.

गाडीवर ताडपत्री पडली. आत अंधार. माझा काटा शून्यावर. बॅटरी उतरू नये म्हणून रणजीत अधूनमधून इंजिन सुरू करायचा, तेव्हा शालनबाई हातातलं काम टाकून गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. इंजिन बंद होईपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा त्या रणजीतला म्हणाल्या, "ह्येला जप रं. माझ्या रवीच्या हातचं येवढंच चालू ऱ्हायलंय." मित्रांनो, ते वाक्य ऐकलं आणि मला कळलं की आता आपण नुसत्या हवेच्या दाबावर नजर ठेवत नाही. त्या माउलीकडे मुलाचं म्हणून जे काही जिवंत उरलं होतं, ते ह्या लोखंडात होतं.

गाडीचा बूस्ट थोडा वाढवून ती एकदा शर्यतीच्या खऱ्या ट्रॅकवर न्यायची, अशी रविराजची इच्छा होती. ती आपण पुरी करायची असं रणजीतने मनावर घेतलं. त्याने तनुजाला गळ घातली. तिने बॉनेट उघडून इंजिनावर एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "भाऊजी, हे इंजिन गेलं तर परत बांधणारा माणूस नाही. मी सांगेन तसंच करायचं, कबूल?"

"कबूल, वहिनी."

मग तिने जे केलं ते बघून मला इंद्रायणीबाईंची आठवण झाली. बूस्ट वाढवायच्या आधी तिने इंजिनाची प्रकृती तपासली. प्रत्येक सिलेंडर दाब धरतो का, हे पाहिलं. तेल नवं घातलं, प्लग नवे बसवले. जास्त हवा जाणार तर पेट्रोलही तेवढंच जास्त पोहोचायला हवं, म्हणून पंप बदलला आणि टाकीत चांगल्या प्रतीचं पेट्रोल भरलं. टर्बोला एक झडप असते. दाब पुरेसा झाला की ती उघडते आणि जादा धूर पंख्याला बगल देऊन निघून जातो. दाब किती झाला याचा निरोप एक बारीक रबरी नळी त्या झडपेला पोचवते. निरोप पोचला नाही तर झडप उघडत नाही आणि दाब चढतच राहतो. तनुजाने ती नळी नवी बसवली आणि दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या.

चाकणला बुद्धरत्न नावाचा तिच्या ओळखीचा मेकॅनिक होता. त्याच्या गाळ्यात जमिनीत रोलर होते. त्यांवर गाडी जागच्या जागी पळवता येते. तिथे तनुजा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. बूस्ट चिमूटभर वाढवायचा, गाडी पळवायची, इंजिन आतून खडखडतंय का ते ऐकायचं, प्लग काढून त्यांचा रंग बघायचा, इंजिन थंड होऊ द्यायचं आणि मगच पुढची चिमूट. रणजीत वैतागला. "वहिनी, येवढ्या वेळात चाकणला नवी गाडी बनून बाहेर पडती!"

"आणि तीही अशीच तपासून बाहेर पडते," ती म्हणाली. बुद्धरत्न खो खो हसला.

शेवटी एका जागी ती थांबली. जुना ठिपका पुसून तिने थोडा पुढे नवा दिला. "इथवर. तुमच्या दादांना हवं होतं तेवढं झालं. गाडी दाबली की डोळा मीटरवर, विसरू नका." त्या दिवशी माझा ताठा थोडा वाढला, हे मी कबूल करतो.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊनपुसून पूजतात. तनुजा कंपनीतल्या पूजेला गेली होती. रणजीतने खोंड बाहेर काढलं आणि इंजिनसुद्धा फडक्याने लख्ख पुसलं. एका कोपऱ्यात फडकं पोचेना म्हणून त्याने ती बारीक नळी काढली, कोपरा पुसला, नळी पुन्हा लावली. क्लिप मात्र गोठ्याच्या भिंतीवरच राहिली. त्याच्या मनात खोट नव्हती. दादाच्या इंजिनावर धुळीचा कण राहू नये, एवढंच त्याला वाटत होतं. मग त्याने इंजिनावर झेंडूची माळ चढवली आणि नळी फुलांखाली झाकली गेली.

नानासाहेबांनी नारळ फोडला. शालनबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी चाकांना, स्टिअरिंगला, सगळ्यांना बोट लावलं. माझ्यापाशी आल्यावर त्या थांबल्या. रवी गाडी चालवताना ह्याच्याकडे सारखा बघायचा, हे त्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून माझ्यावर त्यांनी जास्त मायेने, तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायला घेतलं. तेवढ्यात डोळे भरून आले, बोट घसरलं आणि कुंकू सगळ्या काचेवर पसरलं. ठिपका गेला, काटा गेला. मला बाहेरचं सगळं लाल दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. तनुजा सोनं द्यायला माहेरी दापोडीला गेली होती. दुपारी रणजीत आईला म्हणाला, "चल, खोंडावरनं शीव ओलांडून येऊ." रविराज गेल्यापासून शालनबाई त्या गाडीत बसल्या नव्हत्या. त्या दिवशी बसल्या. रणजीतचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्याने पुसायला खिशातून रुमाल काढला. शालनबाईंनी त्याचा हात धरला.

"पूजेचं कुंकू लगीच पुसू न्हाई, रं. इपरीत असतं."

त्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि रुमाल खिशात घातला. एवढ्याशा गोष्टीवरून सणाच्या दिवशी आईचं मन कोण मोडेल? तुम्हीही मोडलं नसतं.

चाकणच्या कारखान्यांना सुट्टी होती. एरवी कंटेनरांनी भरलेले रुंद रस्ते मोकळे पडले होते. रणजीत जपून चालवत होता. शालनबाईच म्हणाल्या, "जरा पळव की. त्येचा आवाज ऐकू दे एकदा."

त्याने पाय दाबला. इंजिनाने तोंड भरून आवाज दिला. शालनबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसलं, आणि तेवढ्यात फुलांखाली ती नळी निसटली. माझा काटा ठिपक्यापाशी आला. ठिपका ओलांडून पुढे गेला. मी दाखवत होतो, मित्रांनो! इंद्रायणीबाईंनी शिकवलं होतं तसं, अगदी बरोबर दाखवत होतो. रणजीतने सवयीने माझ्याकडे पाहिलंही. त्याला लाल काच दिसली. आतून खडखड झाली, मग एक मोठा धडाका. गाडी हिसके देत रस्त्याच्या कडेला थांबली आणि खालून तेल वाहू लागलं.

दोघांना इजा झाली नाही, हे देवाचे उपकार. शालनबाई गोंधळून विचारत राहिल्या, "काय झालं रं? आवाज का थांबला?" रणजीतने फोन करून नानासाहेबांना रिक्षा घेऊन बोलावलं, आईला त्यांच्याबरोबर घरी पाठवलं आणि तनुजालाही कळवलं. मग तो एकटाच गाडीत येऊन बसला. खिशातला रुमाल काढून त्याने माझी काच पुसली. घासून घासून पुसली. मला वाटलं, आता कशाला? पण तनुजा तिथे पोचली तेव्हा मला कळलं की त्याने ती कशासाठी पुसली.

तनुजाने बॉनेट उघडलं. माळ बाजूला केली. लोंबणारी नळी बघितली. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढं भोक पडलं होतं. त्यावर हात ठेवून ती किती तरी वेळ उभी राहिली.

"क्लिप विसरलात," ती म्हणाली. "माणूस विसरतो. पण मीटर समोर होता ना, भाऊजी? काटा दिसत होता ना? एकदा बघायचं होतं!"

रणजीतने मान खाली घातली. "न्हाई बघितलं, वहिनी. ध्यान नव्हतं."

मी आयुष्यभर खरं सांगत आलो, पण तेव्हा मला तोंड नव्हतं. त्या दिवसापासून तनुजा रणजीतशी बोलेनाशी झाली. तिने मला खांबावरून उतरवलं आणि माडीवर आपल्या खोलीत फळीवर ठेवलं. रणजीत ताट वाढलेलं तसंच ठेवून उठायचा. खाली शालनबाई विचारायच्या, "ह्या दोघांचं काय बिनसलंय?" कुणी काही सांगायचं नाही.

पुढे एका रविवारी तनुजाने मला साफ करायला घेतलं. काचेभोवतीच्या कड्याच्या फटीत जुना ब्रश फिरवला तर लाल काही तरी निघालं. तिला आधी आपलं नेलपॉलिशच वाटलं. बोटावर घेऊन चोळलं. तेलकट कुंकू होतं ते. ती माझ्याकडे बघत बसली. त्या घरात यंत्रांना इतकं दाट कुंकू कोण लावतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती मला हातात घेऊन तशीच गोठ्यात गेली. रणजीत तिथेच होता.

"हे पुसलं कुणी?" तिने विचारलं.

तिच्या बोटावरचं लाल दिसताच रणजीतने ओळखलं. तो म्हणाला, "पोरगा गेला तिचा, वहिनी. आता त्येच्या हातचं इंजिन तुझ्या कुंकवापायी गेलं, असं सांगू तिला? त्यापरीस मीच नालायक बरा."

तनुजा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली आणि रविराज गेल्यावरही रडली नव्हती एवढी रडली. "माझं चुकलं, भाऊजी," एवढंच तिला बोलता आलं.

आता ती दोघं पुन्हा बोलतात. बुद्धरत्न म्हणतो, दुसरं इंजिन शोधून देतो. पण रविराजच्या हातचं कुठून शोधणार? शालनबाई अजून मधूनच गोठ्याच्या दारात येतात आणि विचारतात, "कदी चालू व्हईल गं?" तनुजा म्हणते, "होईल, आई." मला ते ऐकवत नाही.

म्हणून, मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. यंत्रांची पूजा जरूर करा. त्यांना फुलं वाहा, कुंकू लावा, आम्हालाही बरं वाटतं. सोडलेली क्लिप मात्र हात पुसायच्या आधी जागेवर लावा आणि मीटरची काच मोकळी ठेवा. कुणी मायेने त्या काचेकडे बोट नेलं तर तो हात हळूच धरा आणि म्हणा, "आई, इथे नको, इथे लाव." तिला वाईट वाटेल, पण संध्याकाळपर्यंत ती विसरेल. रणजीतला दसऱ्याच्या दुपारी आईचं मन मोडून ती काच पुसता आली नाही, आणि इंजिन कशाने गेलं हे आता त्याला तिला कधीच सांगता येणार नाही.